विद्यार्थीदशेतली पहिली परदेशवारी: तिकिटाआधी काय करायचं आणि पैसे कसे बसवायचे

विमान कंपनीचा सेल लागतो, ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतो आणि मध्यरात्री चौघं मिळून तिकिटं काढून मोकळे होतात. मग कळतं की एकाचा पासपोर्ट चार महिन्यांत संपतोय, दुसऱ्याने तो अजून काढलेलाच नाही आणि विद्यापीठाने नेमक्या त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल लावलंय. सेलच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. कॉलेजच्या मुलांची पहिली सहल फसते किंवा ठरवलेल्या रकमेच्या दीडपटीवर जाते, ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. म्हणून खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

उदाहरणासाठी व्हिएतनाममधलं हनोई घेतलंय. मुंबईहून थेट विमान आहे, व्हिसा घरबसल्या निघतो आणि विद्यार्थ्याला परवडतील अशा डॉर्मिटरी भरपूर आहेत. तुम्ही दुसरा देश निवडलात तर आकडे आणि व्हिसाचे नियम बदलतील, क्रम तोच राहील.

१. पासपोर्ट हातात येईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका

छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. तीन महिने आधी अर्ज केलात तर तत्काळची गरज पडत नाही. अर्ज फक्त सरकारी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून करा. लहान शहरांत टपाल कार्यालयांतही पासपोर्ट केंद्रं आहेत, त्यामुळे लातूर-नांदेडच्या मुलांनी पुण्या-मुंबईलाच धावायची गरज नाही.

सगळ्यात जास्त घोळ नावात आणि पत्त्यात होतो.

नाव: आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं असतं. आधारवर क्रम वेगळा, कधी स्पेलिंगही वेगळं. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो, तो रिकामा सोडू नका. सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलं की पुढे तिकीट आणि व्हिसा काढताना दर वेळी अडखळाल. स्पेलिंग जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, मगच अर्ज करा.

पत्ता: सध्या राहता तोच द्यावा लागतो आणि पोलीस पडताळणी तिथेच होते. घर कोल्हापूरला, राहणं पुण्याच्या होस्टेलवर आणि पत्ता कोल्हापूरचा दिला, तर फोन येईल तेव्हा तुम्ही तिथे नसता आणि अर्ज लटकतो. होस्टेलवाल्यांनी संस्थेचं बोनाफाईड आणि ओळखपत्र तयार ठेवावं. दहावीचं प्रमाणपत्र सोबत जोडा, म्हणजे इमिग्रेशन तपासणी आवश्यक असा शेरा पासपोर्टवर येत नाही. पुढे आखाती देशांत नोकरीला जाताना त्याचा त्रास वाचतो.

तपासा: पासपोर्ट आधीच असेल तर परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने तो वैध हवा. बालपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हे घरात कुणाच्याच लक्षात नसतं.

२. तारखा ठरवताना आधी परीक्षा, मग हवामान

विद्यापीठाचं अंतिम वेळापत्रक येईपर्यंत तारीख पक्की करू नका. लेखी परीक्षा संपली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. प्रॅक्टिकल, तोंडी परीक्षा, एटीकेटीचे पेपर आणि इंटर्नशिपची रुजू तारीख या चार गोष्टी कागदावर मांडा. शेवटच्या पेपरनंतर किमान आठवडाभर मोकळा सोडा, कारण पेपर पुढे ढकलले जातात.

हनोईच्या बाजूला ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे दिवस चांगले. दिवाळीची सुट्टी त्यात बसते, पण त्या आठवड्यात आपल्याकडची सगळी गर्दी निघते आणि भाडं वाढतं. परीक्षा आधी संपत असेल तर दिवाळीच्या पंधरा दिवस आधी निघा आणि फराळाला घरी या. जूनमध्ये उकाडा आणि पाऊस असतो. तिकीट स्वस्त मिळतं, पण वादळाचा इशारा आला की 'हा लाँग' नावाच्या उपसागरातल्या बोटी बंद ठेवतात.

सावधान: तेत म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. ते जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत येतं. त्या दिवसांत बरीच दुकानं आणि खाणावळी बंद असतात, बस-रेल्वे भरून वाहतात. त्या वर्षीची तारीख पाहून तो आठवडा टाळा.

३. ठिकाणं कमी करा

हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने १,७०० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. आठ दिवसांत हनोई, दा नांग, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी असं सगळं बसवणारा बेत म्हणजे दर दोन दिवसांनी विमान, टॅक्सी आणि बॅग भरणं. खर्चही तिथेच वाढतो. पहिल्या वारीला एक शहर तळ म्हणून धरा. हनोई, सुमारे शंभर किलोमीटरवरचं निन्ह बिन्ह आणि हा लाँग एवढं सात रात्रींना पुष्कळ झालं. एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. बोट रद्द झाली, कुणाचं पोट बिघडलं, की तोच दिवस कामाला येतो.

४. बजेट कागदावर, तिकिटाच्या आधी

"तिकीट स्वस्त मिळालं, बाकी तिथे बघू" या हिशेबाला बजेट म्हणत नाहीत. एकूण खर्चात तिकीट साधारण चाळीस टक्के असतं. उरलेले साठ टक्के छोट्या छोट्या रकमांत जातात आणि म्हणून दिसत नाहीत.

पुण्याहून निघणाऱ्या एका विद्यार्थ्याचा सात रात्रींचा अंदाज असा मांडता येईल. दर बदलत राहतात, त्यामुळे आकडे तुमचे तुम्ही भरा, रकाने मात्र सगळे ठेवा.

- मुंबई–हनोई–मुंबई, चेक-इन सामानासह: २४,०००
- व्हिसा: २,५००
- प्रवास विमा: ७००
- पुणे ते मुंबई विमानतळ, जाऊन-येऊन: १,५००
- मुक्काम, ७ रात्री × ८००: ५,६००
- खाणं-पिणं, ८ दिवस × ९००: ७,२००
- तिथला प्रवास: ३,०००
- सहली आणि प्रवेश तिकिटं: ६,०००
- सिमकार्ड: ७००
- घरच्यांसाठी खरेदी: ३,०००
- चलन बदलण्यात जाणारे पैसे: १,०००

बेरीज ५५,२०० रुपये. यावर पंधरा टक्के, म्हणजे सुमारे ८,३०० रुपये, राखीव. थोडक्यात, साडेत्रेसष्ट हजार हाताशी असतील तर ५५ हजारांची सहल करा. राखीव रक्कम खर्चासाठी नाही. ती घरी परत आली पाहिजे असं धरूनच निघा.

इथे दोन चुका नेहमीच्या. एक, घर ते विमानतळ हा खर्च कुणीच धरत नाही. पहाटेच्या विमानाला पुण्याहून निघताना एकट्याने केलेली टॅक्सी हनोईतल्या चार रात्रींच्या मुक्कामाएवढी पडू शकते. दोन, खरेदी शून्य धरतात. आजी, मावशी, रूममेट यांच्यासाठी काही ना काही घेतलं जातंच, मग ते बजेटमध्येच असू द्या.

रक्कम जमत नसेल तर सहल एक सत्र पुढे ढकला. आधी फिरा, नंतर हप्ते भरा अशा कर्जांच्या जाहिराती कॉलेजच्या मुलांनाच डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. ज्याला नियमित कमाई नाही त्याने फिरण्यासाठी कर्ज काढू नये, हे माझं ठाम मत आहे.

टूर कंपनीचं पॅकेज घेत असाल तर त्यावर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, लागतो. जाहिरातीतल्या किमतीत तो धरलाय का, ते विचारा. ज्याच्या पॅनवर तो कापला जातो त्याला विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, म्हणून पॅन कुणाचं द्यायचं ते घरी बोलून ठरवा.

५. व्हिसा: तिकिटाच्या आधी, रुंद तारखा टाकून

बरेच जण आधी तिकीट काढतात. पहिल्या वारीला मी उलट सांगेन. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदा प्रवेशासाठी २५ डॉलरला आहे, अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर, आणि ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. तेव्हा प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा आणि तारखा सैल टाका: जायच्या विचारातल्या दिवसाच्या आठवडाभर आधीपासून, परतीनंतर आठवडाभरापर्यंत. नाकारला गेलाच तर २५ डॉलर जातील, २४ हजार रुपये वाचतील. फी परत मिळत नाही, त्यामुळे फॉर्म घाईने भरू नका.

फॉर्म भरताना:

- सरकारी संकेतस्थळाचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट व्हीएन असा संपतो. शोधयादीत सर्वात वर येणारी चकचकीत संकेतस्थळं बहुतेक दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात.
- नाव पासपोर्टवर आहे तसं, वडिलांच्या नावासकट. "ओंकार पाटील" आणि "ओंकार सुनील पाटील" ही त्यांच्या लेखी दोन माणसं.
- पासपोर्टच्या पानाचा फोटो सपाट, चमक न येता काढा. खाली बाणांसारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. मुलं फोटो नीटनेटका करण्याच्या नादात नेमक्या त्याच कापतात आणि अर्ज परत येतो.
- पासपोर्ट क्रमांक एक अक्षर आणि सात अंक असा असतो. अंकांत ओ अक्षर टाईप करू नका, शून्य टाका.
- प्रवेशाचं ठिकाण म्हणून नोई बाय विमानतळ निवडा. हनोईचा विमानतळ तोच.
- पैसे भरण्याआधी कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करा. नवं कार्ड मुळात फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतं. बँकेच्या ॲपमधून ते तुम्हालाच बदलावं लागतं.

अर्जानंतर मिळणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवा. व्हिसा तयार झाला की ईमेलची वाट न बघता त्याच क्रमांकावरून तपासता येतो.

तपासा: व्हिसा हाती आला की नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची तारीख दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. आपण स्वतः वाचताना आपलीच चूक दिसत नाही.

६. आता तिकीट

पडद्यावरचं स्वस्त भाडं बहुधा ७ किलो केबिन बॅगेचं असतं. चेक-इन सामान, सीट, खाणं आणि कार्डाचं शुल्क मिळवून शेवटच्या पानावर येणारा आकडा हीच किंमत. तुलना त्याच आकड्यांची करा. चेक-इन सामान तिकिटासोबतच विकत घ्या, काउंटरवर ते कितीतरी महाग पडतं. दोघांत एकच बॅग हा चांगला उपाय आहे.

सावधान: रात्री बारानंतरच्या विमानांत दरवर्षी कुणीतरी फसतं. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००:४० असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री विमानतळावर असायला हवं. १५ च्या रात्री पोचलात तर विमान जवळपास चोवीस तास आधी गेलेलं असेल. व्हिसाची सुरुवातीची तारीखही याच हिशेबाने ताडून पाहा.

मधल्या विमानतळावर बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं जोडून दोन हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा आलं की दुसऱ्या विमानाचे पूर्ण पैसे बुडतात.

७. मुक्काम आणि विमा

पहिल्या दोन रात्री तरी आधी आरक्षित करा, रद्द करण्याची सोय असलेल्या. जुन्या पेठेच्या, म्हणजे ओल्ड क्वार्टरच्या, चालत जाता येईल अशा अंतरावर राहा. लांबची स्वस्त खोली रोजच्या टॅक्सीत महाग होते. वय अठराच्या आत असेल तर डॉर्मिटरी घेते का, ते आधी लिहून विचारा.

विमा घेताना मोबाइल हरवण्याच्या भरपाईकडे बघत बसू नका. रुग्णालयाचा खर्च आणि रुग्णाला भारतात परत आणण्याचा खर्च, हे दोन आकडे पाहा. दमा किंवा तत्सम जुना आजार असेल तर तो लपवू नका.

८. पैसे कसे न्यायचे

वरच्या अंदाजातले साधारण २५,५०० रुपये हनोईत गेल्यावर खर्च होणार आहेत. म्हणजे ३०० डॉलरच्या आत-बाहेर. ते तीन ठिकाणी विभागा.

पहिला भाग, डॉलरच्या नोटा. साधारण २०० डॉलर, अधिकृत चलन विक्रेत्याकडून पावती घेऊन. पॅन लागतं. तुमच्याकडे नसेल तर महिनाभर आधी काढा. नोटा कोऱ्या मागा. घडी फाटलेली, पेनाने काही लिहिलेली नोट तिकडे नाकारतात. विमानतळावरच्या काउंटरवर दर वाईट मिळतो, म्हणून शहरातच घ्या. भारतात डाँग, म्हणजे व्हिएतनामचं चलन, विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. डॉलर नेऊन हनोईतल्या बँकेत किंवा अधिकृत केंद्रात बदलणं स्वस्त पडतं.

दुसरा भाग, कार्ड. इथे फॉरेक्स कार्डाची, म्हणजे आधी परदेशी चलन भरून ठेवायच्या कार्डाची, मोठी गफलत होते. बहुतेक फॉरेक्स कार्डांत डाँग हे चलनच नसतं. तुम्ही डॉलर भरता, तिकडे डाँगमध्ये खर्च करता आणि मध्ये चलनबदलाचं शुल्क कापलं जातं, कित्येकदा साडेतीन टक्क्यांपर्यंत. परदेशी व्यवहारावर शुल्क न लावणारं डेबिट कार्ड मिळालं तर ते सोयीचं. एटीएममधून एका वेळी मर्यादित रक्कम निघते आणि दर वेळी शुल्क बसतं, तेव्हा रोज थोडे थोडे न काढता दोनदाच काढा.

तिसरा भाग, दुसऱ्या बँकेचं एक कार्ड. ते पाकिटात ठेवायचं नाही, बॅगेत वेगळं.

यूपीआयवर विसंबू नका. नेपाळ, भूतान, सिंगापूर अशा काही देशांत ते काही दुकानांत चालतं म्हणून सगळीकडे चालेल असं नाही.

सावधान: कार्ड यंत्र किंवा एटीएम "रुपयांत घेऊ का?" असं विचारेल. नाही म्हणा, डाँगच निवडा. रुपये निवडलेत की दर ते ठरवतात.

डाँगचा हिशेब डोक्यात करायला सोपा आहे: शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणा. ५०,००० डाँगचं खाणं म्हणजे पावणेदोनशे रुपयांच्या आत. आणि निळ्या नोटांपासून जपा. २०,००० ची नोट निळी आहे आणि ५,००,००० चीही निळसर. एक सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेच्या आसपास. रात्रीच्या उजेडात, घाईत रिक्षावाल्याला भलतीच दिली जाते. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना शून्यं मोजा.

९. निघण्याआधीचा आठवडा

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये छापील प्रती ठेवा: व्हिसा, जाण्या-येण्याची तिकिटं, मुक्कामाचं आरक्षण, विमा, चलनाची पावती, कॉलेजचं ओळखपत्र. हेच सगळं फोनमध्ये, इंटरनेटशिवाय उघडेल असं. आणि एक संच आई-बाबांकडे. पासपोर्ट हरवला तर हनोईच्या भारतीय दूतावासात याच प्रती उपयोगी पडतात.

भारतीय सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. निघण्याआधी रोमिंग सुरू करा आणि मोबाइल डेटा बंद ठेवा. इंटरनेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम घ्या.

पॉवर बँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. दोन पिनांचा आपला चार्जर तिकडे बहुतेक ठिकाणी बसतो, लॅपटॉपच्या तीन पिनांना ॲडॅप्टर लागतो.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. तिकडे माशांचा रस, न्योक माम, भाज्यांतही पडतो. "मांस नको" म्हटल्याने भागत नाही. फोनमध्ये व्हिएतनामी भाषेत "मी शाकाहारी आहे, माशांचा रसही नको" असं लिहून ठेवा आणि दाखवा. दुकानाच्या पाटीवर सी-एच-ए-वाय ही रोमन अक्षरं दिसली की ते शाकाहारी. सोबत भडंग, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू दोन-तीन दिवस पुरतील एवढे न्या. आईने भरलेले सात किलो मात्र नाही, नाहीतर केबिन बॅगेची मर्यादा तिथेच संपते.

१०. मुंबई विमानतळ आणि हनोईचे पहिले तास

तीन तास आधी पोचा. व्हिसा काउंटरवर तपासायचा असल्याने बोर्डिंग पास फोनवर न मिळण्याची शक्यता आहे. इमिग्रेशनचे अधिकारी विचारतील: कुठे, किती दिवस, खर्च कोण करतंय, परत कधी. खरं आणि थोडक्यात सांगा. "मित्राला माहीत आहे, सगळं त्याच्याकडे आहे" हे उत्तर सर्वात वाईट, कारण मित्र दुसऱ्या रांगेत असतो. ज्याची कागदपत्रं त्याच्याच हातात हवीत. ओळखीच्या कुणाचंही पार्सल घेऊ नका, नातेवाइकाचंही.

उतरल्यावर घड्याळ दीड तास पुढे करा. विमानतळावर ३०-४० डॉलर बदला, बाकीचे शहरात. तिथून ८६ क्रमांकाची बस जुन्या पेठेकडे जाते. रात्री उशिरा उतरलात तर ग्रॅब या ॲपवरून टॅक्सी बोलवा, दारात अडवणाऱ्यांबरोबर जाऊ नका.

११. तिथे असताना

दुचाकी चालवायचा मोह आवरा. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारानुसार असतो, व्हिएतनाम १९६८ च्या करारातला परवाना मानतो. दुकानदार गाडी हसत हसत देईल, पण कायद्याने तुम्ही विनापरवाना आहात आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. डोंगरातल्या रस्त्यांवर स्थानिक चालकाच्या मागे बसून जाता येतं, तसं जा. कुठल्याही भाड्याच्या वस्तूसाठी पासपोर्ट अनामत म्हणून ठेवू नका.

खर्च रोज रात्री झोपण्याआधी लिहा. चौघं असाल तर कुणी किती दिले हेही त्याच रात्री मिटवा. हे शेवटच्या दिवसावर ढकललं की हिशेबापायी मैत्रीत वितुष्ट येतं. तिसऱ्या रात्री थांबून पाहा: इथल्या खर्चासाठी धरलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त गेली असेल तर उरलेल्या सहलींतली एक काढून टाका. खाण्यावर कात्री लावू नका, आजारी पडणं महाग असतं.

परतीच्या दिवशी विमानतळापर्यंतचं भाडं बाजूला काढून उरलेले डाँग खर्च करा किंवा नोई बायलाच बदला. भारतात ते बदलून मिळणं कठीण. डॉलरच्या नोटा उरल्या तर २,००० डॉलरपर्यंत पुढच्या वारीसाठी घरी ठेवता येतात. आणि मुंबईत उतरल्यावर बँकेचं ॲप उघडून कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद करा.